‘घरच्यासारखं सांभाळतो’ म्हणणाऱ्या शेठना

मायक्रोमीटर :
काल भोसरीकरांनी लिहिलं, ‘माझ्या वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये बाई-पुरुष भेद मी कधी केला नाही. समानतेचं लेखी धोरण हे आयटीवाल्यांचं फॅड. आम्ही घरच्यासारखं सांभाळून घेतो.’
‘घरच्यासारखं’ याच शब्दाने डोकं फिरलं. अकरा वर्षं कारखान्यांच्या क्वालिटी खात्यात आहे मी, माल तपासते. पहिल्या कंपनीत बायकांच्या संडासाची किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर असायची. हरवू नये म्हणून तिला तारेनं एक मोठा नट बांधलेला. उचलली की खण्ण! अख्खी लाइन माना वर करायची. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणीच प्यायचे नाही. लघवीला जळजळ सुरू झाली, डॉक्टरकडे जावं लागलं. सुपरवायझर वाईट नव्हता हो, ‘बेटा’ म्हणायचा.
वेगळी सोय १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासून सक्तीची. पण किल्ली कुठे टांगायची हे कायदा सांगत नाही, ते कंपनीनं ठरवायचं. यालाच धोरण म्हणतात. माझ्याआधी तिघी सोडून गेल्या, प्रत्येकीला गेजनं मापं तपासायला शिकवण्यात महिने गेले. तो खर्च कुठल्या खात्यात मांडता शेठ?

भोसरीकर :
आमच्याकडे किल्ली नाहीच, कडी आहे. खर्चाचं म्हणाल तर २०१७ ला बाळंतपणाची रजा १२ ची २६ आठवडे केली. पगार मालकाच्या खिशातून, वर बदली माणूस. भाषणं करणाऱ्यांनी एकदा महिनाअखेर पगार वाटून बघावेत.

हिशेबनीस :
ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, भरता ना? पगार २१,००० च्या आत असेल तर रजेचे पैसे तिकडून येतात. तुमच्या किती जणी त्याच्या वर आहेत?

भोसरीकर :
एक. बरं, तेवढं मागे घेतो. बदली माणूस मात्र आभाळातून पडत नाही.

नवा बाप :
माझं कोणी ऐकेल का? केंद्र सरकारी नोकराला मूल झाल्यावर १५ दिवस मिळतात. मला खासगीत दोन मिळाले, त्यात एक रविवार. बायकोचे टाके ओले आणि मी ऑडिटला. रजा फक्त बाईला दिलीत तर बाई महाग वाटणारच!

टेल्कोतला म्हातारा :
१९७४ मध्ये आमच्या टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ होतं. सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, नोकरी मिळाली. कुठलं धोरण नि काय. धमक लागते.

मायक्रोमीटर :
मग काका, प्रत्येकीनं पोस्टकार्ड टाकायचं का? आणि प्रत्येक शेठ जेआरडी असतो?

टेल्कोतला म्हातारा :
उद्धटपणा नको. एअर इंडियात पहिल्या गरोदरपणातच हवाईसुंदरीला काढायचं, हा नियम लेखीच होता. १९८१ ला सुप्रीम कोर्टानं मोडला. कागदाचं फार कौतुक सांगू नका.

मायक्रोमीटर :
कागदावर होता म्हणून कोर्टात नेता आला. ‘बेटा’ कुठल्या कोर्टात नेऊ?

फडावरचा :
चालू द्या कडी-किल्ली. आमच्या बीडकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. पाळीत खाडा पडला की दंड, म्हणून बायांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या. त्यांना कुठलं एचआर?

नवा बाप :
विषय कारखान्याचा चाललाय.

फडावरचा :
ऊस कुठं जातो मग, देवळात?

मायक्रोमीटर :
दादा, तुमचं खरं आहे. तिथं तर कडीही नाही. पण म्हणून भोसरीतली सोडायची? शेठ, दहाच्या वर माणसं आहेत तुमच्याकडे, म्हणजे २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं तक्रार समितीही हवी. आहे?

भोसरीकर :
तीन बायका आहेत एकूण. त्याच तक्रारदार, त्याच समिती? करतो बाई, तेही करतो. बाहेरची एक सदस्य लागते म्हणे, तुम्हीच या. उद्या कागद टाइप करून भिंतीला डकवतो, झालं समाधान?

मायक्रोमीटर :
येते. तेवढं एक सांगा, ती कडी आतून लागते का?

भोसरीकर :
बघून सांगतो.