मदत हवी आहे: 'हू', 'विच'च्या वाक्यात 'कॅन', 'शुड' असेल तर क्रियाविशेषण नेमकं कुठे बसवायचं?

नमस्कार मंडळी,

यंत्रांच्या वापर-पुस्तिका मराठीतून इंग्रजीत आणायचं काम सध्या माझ्याकडे आहे. साधी, सुटी वाक्यं निभावून जातात. पण 'जो... तो', 'ज्याला... त्याला' अशी वाक्यं आली आणि त्यांत 'शकतो', 'पाहिजे'च्या जोडीला 'बहुधा', 'सहसा', 'कधीही' असं काही असलं, की तपासणाऱ्यांचं लाल पेन चालतंच. शब्द इकडचा तिकडे केलेला असतो, का ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. त्यांना गाठून विचारायची सोय नाही, म्हणून इथे विचारते.

मी लिहिलं होतं, 'द पार्ट विच यू नेव्हर शुड टच'. त्याचं झालं 'विच यू शुड नेव्हर टच'. म्हटलं ठीक, मोडल (म्हणजे 'कॅन', 'शुड', 'मस्ट'सारखं सहायक क्रियापद) आधी, क्रियाविशेषण नंतर. त्याच हिशेबाने पुढे 'अ स्विच विच वोन्ट प्रॉबब्ली वर्क' लिहिलं, तर ते 'प्रॉबब्ली वोन्ट' होऊन परत आलं. म्हणजे इथे बरोबर उलट! धरायचं काय?

दुसरं वाक्य, 'ऑपरेटर्स हू चेक द ऑइल ऑफन फाइंड द लीक अर्ली'. यावर नुसतं प्रश्नचिन्ह. मला तरी यात व्याकरणाची खोट दिसत नाही.

तिसरी अडचण वाक्य आखडतं घेताना येते. 'एनिवन हू कॅन रीड द डायल'चं 'एनिवन रीडिंग द डायल' केलं, तर 'अर्थ बदलला' असा शेरा. उलट 'द फर्स्ट थिंग दॅट शुड बी चेक्ड'चं त्यांनीच 'द फर्स्ट थिंग टू चेक' करून टाकलं. त्यांचा 'शुड' गेलेला चालतो आणि माझा 'कॅन' गेलेला चालत नाही, हे कसं?

'क्रियाविशेषण क्रियापदाजवळ ठेवा' हा शाळेतला नियम माहीत आहे, पण इथे तो पुरत नाही. कुणी जरा उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १

पहिल्या मुद्द्यापुरतं सांगतो. तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे बरोबर केलंय आणि नियमही फिरलेला नाही.

'नेव्हर', 'ऑलवेज', 'ऑफन', 'प्रॉबब्ली' या मंडळींची नेहमीची जागा पहिल्या सहायक क्रियापदाच्या लगेच नंतर. 'हू'च्या उपवाक्यातही तेच: 'हू कॅन ऑफन हेल्प', 'विच मस्ट ऑलवेज बी क्लोज्ड'. 'नेव्हर शुड' म्हणणं चूक नाही हो, बोलताना सर्रास ऐकू येतं, पण त्यात 'शुड'वर जोर येतो. पुस्तिकेत असा ठसका कशाला?

'वोन्ट'चं प्रकरण वेगळं, कारण त्याच्या पोटात 'नॉट' आहे. 'प्रॉबब्ली' हे अख्ख्या विधानाबद्दलचं आपलं मत: 'चालणार नाही, असं दिसतंय'. मत त्या नकाराच्या कचाट्यात सापडता कामा नये, म्हणून ते आधी येतं, 'प्रॉबब्ली वोन्ट'. 'नॉट' सुटा लिहिलात की 'प्रॉबब्ली' पुन्हा आपल्या जागी जातं: 'विल प्रॉबब्ली नॉट वर्क'.

'ऑलवेज'चं मात्र असं नाही, ते खुशाल नकारात बसतं. 'यूझर्स हू कान्ट ऑलवेज सी द स्क्रीन' म्हणजे ज्यांना दर वेळी दिसतोच असं नाही. अजिबातच दिसत नसेल तर 'हू कॅन नेव्हर सी'. पुस्तिकेत या दोन वाक्यांत केवढा फरक पडेल बघा.

आणि एक. 'केअरफुली', 'स्लोली' अशी 'कसं'चं उत्तर देणारी क्रियाविशेषणं मोडलला चिकटत नाहीत, ती मुख्य क्रियापदाला धरून राहतात. 'विच मस्ट बी केअरफुली क्लीन्ड' किंवा 'क्लीन्ड केअरफुली'. 'मस्ट केअरफुली बी क्लीन्ड' कानाला खटकतं.

प्रतिसाद २

त्या प्रश्नचिन्हाबद्दल. खोट व्याकरणात नाही, 'ऑफन' कुणाचं हे कळत नाही एवढंच. तेल वारंवार तपासणारे, की गळती वारंवार सापडणारे? ते मधोमध उभं आहे आणि दोन्हीकडे बघतंय. मराठीत आपण 'जे वारंवार तेल तपासतात, त्यांना' असं म्हणून मोकळे होतो. 'जे' आणि 'त्यांना' मिळून कुंपण घालतात. इंग्रजीत उपवाक्य कुठे संपलं हे सांगणारा 'त्यांना' नसतो.

पहिला अर्थ हवा असेल तर 'हू ऑफन चेक द ऑइल'. दुसरा हवा असेल तर मोडलच कामी येतं: 'ऑपरेटर्स हू चेक द ऑइल कॅन ऑफन फाइंड द लीक अर्ली'. 'कॅन' आलं तिथे मुख्य वाक्याचं क्रियापद सुरू झालं, आणि त्याच्या नंतरचं 'ऑफन' त्याचंच. संशयाला जागा उरत नाही. अर्थात 'सापडतं'चं 'सापडू शकतं' होतं, ते इथे चालून जाईल. स्वल्पविराम टाकून सोडवायला जाऊ नका. 'हू चेक द ऑइल'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम पडले की सगळेच ऑपरेटर तेल तपासतात असा अर्थ होतो.

आता आखडणं. 'कॅन', 'शुड', 'मस्ट' यांना 'इंग'चं रूप नाही आणि 'टू' लावायचीही सोय नाही. म्हणून 'हू' काढून क्रियापदाला 'इंग' लावलं की मोडल गळून पडतं, अर्थासकट. 'एनिवन रीडिंग द डायल' म्हणजे डायल वाचत असलेला. वाचता येणारा हवा तर 'एनिवन एबल टू रीड द डायल'. 'मस्ट' असेल तर 'रिक्वायर्ड टू'. तुम्ही 'कॅन' नुसतं सोडून दिलंत, त्याच्या बदल्यात काही ठेवलं नाहीत.

'द फर्स्ट थिंग टू चेक'मध्ये 'शुड' कुठेही गेलेलं नाही, ते 'टू'त आहे. नामाला जोडून आलेल्या अशा 'टू'मध्ये बहुतेक वेळा 'शुड' किंवा 'कॅन'चा अर्थ असतो. 'द पर्सन टू आस्क' म्हणजे ज्याला विचारावं तो. 'अ टूल टू ओपन द लिड विथ' म्हणजे ज्याने झाकण उघडता येतं ते अवजार. मराठीत 'विचारायचा माणूस', 'झाकण उघडायचं अवजार' म्हणतो, तसंच.

फक्त 'फर्स्ट', 'लास्ट', 'ओन्ली' दिसले की सावध. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगला 'द फर्स्ट मॅन टू वॉक ऑन द मून' म्हणतात, त्यात 'शुड' नाही की 'कॅन' नाही. चालला, एवढंच. तेव्हा 'द लास्ट स्क्रू टू बी टायटन्ड' हे 'शेवटी आवळायचा' आणि 'शेवटी आवळला गेलेला' असं दोन्ही वाचता येतं. सूचना असेल तर तिथे 'दॅट शुड बी' पूर्ण लिहिलेलं बरं. जागा गेली तर गेली.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. 'ऑफन'कडे या नजरेने पाहिलंच नव्हतं. आणखी दोन शंका. 'पार्ट्स विच मे नॉट बी रीयूझ्ड' यात 'मे'च्या जागी 'मस्ट' केलंय, ते का? आणि हे वाक्य पाठवू का: 'एनिवन हू विल ओपन द लिड शुड ऑलवेज स्विच ऑफ द पॉवर फर्स्ट'?

प्रतिसाद ३

'मे नॉट' दुतोंडी आहे. 'परत वापरण्यास मनाई' हाही अर्थ, आणि 'कदाचित परत वापरले जाणार नाहीत' हाही. बोलताना सूर सांगतो, कागदावर सूर नसतो. बंदी असेल तर 'मस्ट नॉट', शक्यता असेल तर 'माइट नॉट', आणि नुसती गरज नसेल तर 'नीड नॉट'. 'विच यू नीड नॉट रिमूव्ह' आणि 'विच यू मस्ट नॉट रिमूव्ह' यांची अदलाबदल झाली तर यंत्राचं काय होईल ते सांगायला नको.

तांत्रिक लिखाणात हे शब्द ठरवूनही देतात. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ सालच्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात 'मस्ट', 'शुड', 'मे' यांचे अर्थ बांधून दिले आहेत: 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय मोडू नये अशी शिफारस, 'मे' म्हणजे ऐच्छिक. तुमच्या कामाला तसा काही दंडक ठरलेला आहे का, ते आधी विचारा. असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून तोच पाळा.

तुमच्या वाक्यात 'शुड ऑलवेज' जागच्या जागी आहे, अडचण 'विल'ची. 'जो उघडेल त्याने' या मराठीतून ते आलंय. पुढे कधीतरी कुणीही उघडेल, त्या कुणाहीबद्दल बोलताना इंग्रजीत 'हू'च्या उपवाक्यात साधा वर्तमानकाळ येतो: 'एनिवन हू ओपन्स द लिड'. ठरलेल्या माणसाबद्दल असेल तर 'विल' चालतं: 'द इंजिनियर हू विल ट्रेन यू इज हिअर'.

याच जातीची दुसरी गोष्ट. 'ज्याला डायल वाचता येतो'मधला 'ला' बघून 'हूम कॅन रीड' लिहायचा मोह होतो. 'ज्याला येतं', 'ज्याने करायला हवं', 'ज्याला जावं लागेल' या तिन्हींना इंग्रजीत 'हू'च: 'हू कॅन', 'हू शुड', 'हू विल हॅव टू'. मोडलचा कर्ता इंग्रजीत कर्ताच राहतो, आपल्यासारखा प्रत्यय घेऊन बाजूला बसत नाही.

धागाकर्ती

'विल ओपन'चं 'ओपन्स' करून पाठवते. आधीच्या पानांवर 'हूम कॅन' कुठे राहिलंय का, तेही शोधायला घेतलंय.