कॅलिफोर्नियातल्या कॅपिटोलाजवळ कायाकवरून मासेमारी करताना मोठा शार्क आला. काय घेऊ, काय बदलू? (बजेट ३०० डॉलर)

सॅनहोजेकर
नमस्कार मंडळी. दोन उन्हाळे झाले, कॅपिटोलाच्या वाळूवरून कायाक ढकलतो आणि माँटेरे बेमध्ये हॅलिबटच्या मागे जातो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॅलिबट म्हणजे आपल्या लेपाचा थोरला भाऊ, वाळूत चपटा पडून असतो.) कायाक वापरलेली घेतलेली, बारा फुटी, पिवळी, वल्ह्याची.

गेल्या शनिवारी सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या ॲप्टॉसच्या किनाऱ्याला टेकलेल्या जुन्या सिमेंटच्या जहाजाच्या अलीकडे तीसेक फूट पाण्यात होतो. किनारा इतका जवळ, की वाळूवर कुत्र्याला चेंडू टाकणारा माणूस दिसत होता. एक हॅलिबट मिळाला होता. नेहमीप्रमाणे कल्ल्यातून दोरी ओवून बाजूला पाण्यात सोडला होता. दोरीला हिसका बसला. मला वाटलं मासा अजून तडफडतोय. खाली पाहिलं तर कायाकची सावली सरकतेय असं वाटलं, पण सावली उलट्या दिशेने निघाली तेव्हा पोटात गोळा आला. राखाडी पाठ, आणि कुशीवर जिथे पांढरं पोट सुरू होतं ती रेघ वेडीवाकडी, कागद हाताने फाडल्यासारखी. माझं वल्हं साडेसात फुटांचं, हा त्याहून हातभर लांब. वळून परत आला, शेपटीचा एक तडाखा कायाकच्या बुडाला बसला, आणि दोरीवर हॅलिबटचं फक्त डोकं राहिलं.

मी तसाच किनाऱ्याला आलो. हात अर्धा तास थरथरत होते. छंद सोडायचा नाहीये, पण घरी सांगितलंय की काहीतरी व्यवस्था केल्याशिवाय परत जाणार नाही. शार्कला लांब ठेवणारं विजेचं यंत्र घ्यावं का? शार्क लांब राहावा म्हणून हाताला बांधायचे चुंबकाचे पट्टे मिळतात ते चालतात का? जागा बदलू का? बजेट ३०० डॉलर, त्याच्या वर खरंच जमणार नाही.

रीळवाला
पहिलं काम म्हणजे ती वल्ह्याची कायाक विकून टाक. पायांनी पेडल मारायची घे. मी गेल्या वर्षी होबी कंपनीची घेतली, साधारण साडेतीन हजार पडले, पण दोन्ही हात गळाला मोकळे आणि वेग दुप्पट. शार्क दिसला की मिनिटभरात तिथून लांब. आयुष्यातली सगळ्यात चांगली खरेदी.

सॅनहोजेकर
@रीळवाला, बजेट ३०० आहे हो.

रीळवाला
वापरलेली बघ, दोन हजारात मिळून जाईल.

पर्थची_काकू
अरे, आम्ही वेस्टर्न ऑस्ट्रेलियातली माणसं, आम्हाला विचार. आमच्या घरात विजेचं यंत्र आहे. पाण्यात लोंबणारी अँटेना असते, तिच्याभोवती विद्युतक्षेत्र तयार होतं आणि शार्कच्या नाकावरच्या बारीक छिद्रांमधल्या संवेदनांना ते सहन होत नाही. आमच्या राज्य सरकारने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त यंत्रावर २०० डॉलर परत द्यायला सुरुवात केली. ह्यांनी आणि मुलाने त्याशिवाय चार वर्षांत एकदाही पाण्यात पाऊल टाकलेलं नाही आणि एकही शार्क जवळ आला नाही. पैशाकडे बघू नकोस, जिवाकडे बघ.

आकडेमोड
काकू, यंत्र उपयोगाचं आहे, पण किती, तेही सांगायला हवं. २०१८ मध्ये फ्लिंडर्स विद्यापीठाच्या चार्ली ह्युव्हेनीर्स आणि सहकाऱ्यांनी साउथ ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांजवळ मोठ्या पांढऱ्या शार्कवर पाच साधनं तपासली. काहीच न लावता ९६ टक्के वेळा आमिष खाल्लं गेलं. त्यातल्या सर्वांत परिणामकारक विजेच्या यंत्राने ते प्रमाण ४० टक्क्यांवर आणलं. म्हणजे दहातून चार वेळा तरी शार्कने आमिष नेलंच. चुंबकाचे पट्टे आणि सर्फबोर्डला लावायचं वासाचं मेण यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा पट्ट्यावर पैसे घालवू नका.

ह्यूस्टनचा_तात्या
मी पट्टा घेतला होता. त्याच दिवशी गॅल्व्हेस्टनला माझ्या गळाला लागलेला लाल ड्रम मासा शार्कने अर्ध्यात तोडून नेला. पट्टा हातात तसाच. ऐंशी डॉलर पाण्यात. आमच्याकडे बुल शार्क असतात, गळाला मासा लागला की टपलेलेच. म्हणून सांगतो, जाड दोरी आणि मोठं रीळ घे, मासा पटकन वर यायला हवा. पंधरा मिनिटं खेळवत बसलास तर तू त्यालाच जेवायला बोलावतोयस.

तारकर्लीवाला
एवढी मोठी मोरी, म्हणजे तुमचा शार्क, समोरून गेली आणि तुम्ही तिला सोडून दिलंत? आमच्याकडे मोरीचं मटण केलं तर अख्खी वाडी जेवते.

वेसावकरीण
आमच्या वेसाव्याला मुशी म्हणतात. आणि मटण लहान मुशीचंच करायचं, मोठीच्या मांसाला उग्र वास सुटतो. आधी चिंचेच्या पाण्यात ठेवावं लागतं.

तारकर्लीवाला
मुशी वेगळी ताई, मोरी वेगळी. मुशी म्हणजे लहान पिल्लू.

वेसावकरीण
आमच्या सासूबाई पन्नास वर्षं बाजारात टोपली घेऊन बसल्या, त्या लहानमोठ्या सगळ्यांना मुशीच म्हणायच्या.

आकडेमोड
मटणाच्या गप्पा ठीक आहेत, पण कॅलिफोर्नियात पांढरा शार्क १९९४ पासून संरक्षित आहे. मारणं सोडाच, चुकून गळाला लागला तर बोटीजवळ ओढत न आणता दोरी कापायची. आणि १ जानेवारी २०२३ पासून पांढऱ्या शार्कला बोलवायला आमिष किंवा माशांचा चुरा टाकणंही बेकायदा आहे.

ओआहूकर
इथे हवाईत टायगर शार्क असतात. मे २०२३ मध्ये ओआहूच्या पूर्व किनाऱ्याला एका कायाकवाल्यावर टायगर शार्क सरळ चालून आला, तोंड कायाकवर आपटलं. त्याच्या कॅमेऱ्यात सगळं आहे. त्याने पाय मारून ढकलला आणि शार्क निघून गेला. तेव्हापासून मी पाय पाण्यात सोडून बसत नाही. एवढंच सांगायचं होतं.

निळी_लाट
पिवळा रंग! डायव्हिंगवाले सांगतात की शार्कला पिवळा रंग लांबूनही उठून दिसतो. कायाकच्या बुडाला निळा रंग मार, तीस डॉलरचं काम.

जुना_खलाशी
निळा रंग मारू नका. मी बावीस वर्षं जहाजावर काढली. पाण्यात पडलेल्या माणसाला शोधणं काय असतं ते पाहिलंय. लाटांत निळी कायाक शंभर हातांवरूनही दिसत नाही, पिवळी दिसते. कोस्ट गार्डला तुम्ही दिसायला हवं, हे आधी. शार्कचं नंतर.

आणि तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट कुठेच आली नाही: तुम्ही अंगात काय घालून जाता? माँटेरे बेचं पाणी ऐन उन्हाळ्यातही चौदा-पंधरा अंशांच्या आसपास असतं. त्यात पडलात तर पहिलं मिनिट श्वास ताब्यात ठेवण्यात जातं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात. मग बोटं वळत नाहीत, दोरीही धरता येत नाही. शुद्ध हरपायला तासभर लागतो, पण लाइफ जॅकेट नसेल तर त्याच्या कितीतरी आधी माणूस बुडतो. तुम्ही शेपटीच्या तडाख्याने उलटला असता तर शार्कने नाही, या पाण्याने तुम्हाला गाठलं असतं. उलटलेली कायाक सरळ करून एकट्याने परत चढता येतं का तुम्हाला? कधी करून पाहिलंय?

सॅनहोजेकर
@जुना_खलाशी, लाइफ जॅकेट असतं, पण बऱ्याचदा सीटमागे ठेवलेलं. अंगात टीशर्ट आणि शॉर्ट. परत चढून कधीच पाहिलेलं नाही.

जुना_खलाशी
मग ३०० डॉलर कुठे जायला हवेत ते तुमचं तुम्हीच लिहिलंत.

रीळवाला
पेडलवाली कायाक रुंद असते, ती सहसा उलटतच नाही. परत सांगतो.

सांताक्रूझवाली
मी इथलीच, सर्फ करते. ॲप्टॉसच्या त्या पट्ट्याला इथले लोक शार्क पार्कच म्हणतात. २०१४-१५ मध्ये समुद्र तापला तेव्हापासून लहान वयाचे पांढरे शार्क दक्षिणेकडून वर सरकून तिथे उन्हाळाभर थांबायला लागले. पाच ते नऊ फुटी, जहाजाच्या आजूबाजूला, उथळ, त्यातल्या त्यात कोमट पाण्यात. त्यांचं खाणं म्हणजे वाळूतले रे (पाकट) आणि मासे. सील खाणारे मोठे वेगळे, ते शरद ऋतूत आन्यो नुएवो आणि फॅरालोन बेटांकडे असतात. तुमच्या वर्णनावरून तुमचा हा अजून वयात न आलेलाच. त्याला तुम्ही नको होतात. तुम्ही त्याच्या ताटात हॅलिबट लोंबकळत ठेवला होतात, तो त्याने घेतला.

दोरीला मासे लावून पाण्यात सोडणं बंद करा. बर्फ घातलेली मासे ठेवायची पिशवी कायाकच्या पुढच्या भागात बांधा, मासा मिळाला की लगेच आत. रक्त काढायचं तर बादलीत काढा आणि किनाऱ्यावर आल्यावर ओता. एवढ्याने अर्धा प्रश्न सुटेल.

आकडेमोड
सांताक्रूझवाली यांना दुजोरा. लाँग बीचच्या विद्यापीठातल्या शार्क प्रयोगशाळेने दक्षिण कॅलिफोर्नियात दोन वर्षं ड्रोन उडवले. जिथे हे लहान शार्क जमतात तिथे ९७ टक्के दिवशी माणसं आणि शार्क एकाच पाण्यात होते, आणि माणसांना पत्ताही नव्हता.

ह्यूस्टनचा_तात्या
ड्रोनमधून बघणारे वेगळे आणि कायाकवर बसणारे वेगळे. याच सांताक्रूझला जुलै २०१७ मध्ये स्टीमर लेनजवळ पांढऱ्या शार्कने कायाक चावली, माणूस पाण्यात पडला. वाचला, पण कायाकला दातांची भोकं पडली. तेव्हा लहान आहे, निरुपद्रवी आहे असं कुणाला सांगू नका.

सांताक्रूझवाली
निरुपद्रवी म्हटलं नाही, तात्या. आणि स्टीमर लेन म्हणजे खडक, केल्प (उंच वाढणारं समुद्री शेवाळ) आणि सील. ॲप्टॉसची वाळू नव्हे.

इमर्जन्सीतली_ताई
मी इथल्या एका रुग्णालयात आपत्कालीन विभागात नर्स आहे. शार्कचा रुग्ण एकदाच आला, पण बोटीचा पंखा, काच, सुरी यांचे शेकड्याने पाहिलेत, आणि गणित एकच: मांडीतून किंवा दंडातून जोरात रक्त जात असेल तर तुमच्याकडे काही मिनिटंच असतात. खरं टूर्निकेट (रक्त थांबवायला दांडीने पिळून आवळायचा पट्टा) घ्या, तीसएक डॉलरला येतं. स्वस्त नकली घेऊ नका, त्याची दांडी पिळताना मोडते. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं. आणि ते लाइफ जॅकेटच्या खिशात हवं, सीटमागच्या डब्यात नको. घरी एका हाताने लावायचा सराव करा. मी माझ्या नवऱ्याकडून डोळे मिटून करून घेतलाय.

पालघरकर
आपल्याकडे काही होत नाही असं समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका माणसाच्या पायाचा बुल शार्कने लचका तोडला. आमच्या गावापासून जवळच. तेव्हापासून म्हातारी माणसंही खाडीत उतरताना दोनदा बघतात.

पर्थची_काकू
म्हणूनच म्हणते, यंत्र.

नवी_मेंबर_पुणे
कुणी सांगितलं का माहीत नाही, पण मासे दोरीला बांधून पाण्यात सोडू नयेत, वासाने शार्क येतात.

डॅली_सिटी_देशमुख
एकट्याने जाऊ नका, ते मुख्य. दोघे असाल तर एक उलटला तरी दुसरा हात देतो. आणि हातात मावणारा व्हीएचएफ रेडिओ (बोटींवर वापरतात तो बिनतारी संच) घ्या, तरंगणारा. फोन पाण्यात पडला की संपला, ओल्या बोटांनी स्क्रीनही चालत नाही. सोळा नंबरच्या चॅनलवर बोललं की कोस्ट गार्डसकट आसपासच्या सगळ्या बोटी ऐकतात. माझा सव्वाशेला आला. तोपर्यंत कॅपिटोला, ॲप्टॉस सोडा, पाणी गार होऊन ती पिल्लं दक्षिणेला जाईपर्यंत थांबा.

रीळवाला
हे मात्र बरोबर. या मोसमात तिथे जाऊच नये.

निळी_लाट
+१. दुसरी जागा बघा.

ओआहूकर
+१

सॅनहोजेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, काय केलं ते सांगतो.

जागा बदलली नाही. तुम्ही जवळजवळ सगळ्यांनी सोडायला सांगितलं, पण पुढच्या जागा म्हणजे खडक आणि केल्प, म्हणजे मोठ्या शार्कची वाट, आणि तिथली लाट माझ्या आवाक्याबाहेरची आहे. कॅपिटोलाची वाळू मला ओळखीची आहे. यंत्र घेतलं नाही, कायाक विकली नाही, रंगही तोच.

वापरलेला पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट (गार पाण्यात ऊब राखणारा रबरी पोशाख) ९० ला मिळाला. मासे ठेवायची पिशवी ६०. टूर्निकेट ३२, लाइफ जॅकेटच्या छातीवरच्या खिशात. लाइफ जॅकेट आता अंगावरच असतं. उरलेल्यात रेडिओ बसत नव्हता, तो पुढच्या महिन्यात घेणार.

मागच्या रविवारी छातीभर पाण्यात कायाक मुद्दाम उलटी केली. पहिल्यांदा सरळ करतानाच दम गेला. दुसऱ्यांदा चढलो आणि पलीकडून पडलो. मग लक्षात आलं की वर उठायचा प्रयत्न करायचाच नाही, पाय मागे पोहल्यासारखे मारत पोटावर आडवं सरकायचं, बेंबी सीटवर आली की मग कूस वळायची. पाचव्यांदा जमलं, सातव्यांदा विचार न करता जमलं. बायको किनाऱ्यावर घड्याळ लावून उभी होती: शेवटच्या वेळेला चाळीस सेकंद.

काल गेलो होतो. नऊच्या सुमारास साठ-सत्तर हातांवर एक पंख दिसला, मिनिटभर सरळ चालला आणि खाली गेला. मी गळ गुंडाळला, वीस मिनिटं किनाऱ्याच्या बाजूला थांबलो, मग परत टाकला. २४ इंची हॅलिबट मिळाला. इथे २२ इंचांच्या खालचा ठेवता येत नाही, म्हणून मोजपट्टी दोनदा लावली. थेट पिशवीत, बर्फात. पाण्यात काही नाही.

@डॅली_सिटी_देशमुख, एकट्याने जाऊ नका म्हणालात ते पटलंय, पण सोबत अजून नाही. पुढच्या शनिवारी साडेसहाला वाळूवर असेन. येताय का? रेडिओ तुमच्याकडे आहेच.

डॅली_सिटी_देशमुख
येतो. पण सिमेंटच्या जहाजाच्या अलीकडेच राहायचं, पुढे नाही.