बैठकीची घाई नको

ताई, आफ्रिकेतल्या मलावी देशात आरोग्याच्या कामाला पोचल्यावर पहिल्याच महिन्यात बायकांची बैठक घेऊन कुटुंबनियोजनाचं बोलणार, हा तुमचा बेत जरा घाईचा वाटतो. परक्या माणसानं आल्या आल्या 'पोरं कमी करा' म्हटलं तर कोण ऐकणार? आपल्या कागल-गडहिंग्लजकडं १९७६ ची सक्तीची नसबंदी आठवणारी म्हातारी माणसं अजून आहेत की! आधी पाणी, लसीकरण, बाळंतपण यातलं तुमचं काम लोकांना दिसू दे.

बांगलादेशात मतलब नावाच्या भागात १९७७ पासून तिथल्याच विवाहित बायका घरोघर जायच्या. गोळ्या, निरोध, इंजेक्शन सगळं दारात. आणि काही त्रास झाला तर पुन्हा तीच बाई यायची. माझ्या मते खरी किंमत या पुन्हा येण्याला. तीन महिन्यांच्या इंजेक्शननं पाळी पुढंमागं होते, कधी बंदच होते. ते सोडल्यावर दिवस राहायलाही बरेच महिने लागू शकतात. हे आधी सांगितलं नाही, तर 'सुईनं बाई वांझ झाली' अशी आवई उठते आणि काम तिथंच बसतं.

आफ्रिकेतल्याच नायजर देशात चक्क नवऱ्यांच्या शाळा काढल्या, पुरुषांनीच पुरुषांना सांगायचं. (आपल्याकडं सासवांचीही काढावी लागेल!) पण जिला घरात कळू द्यायचं नाही, तिचं गोळ्या-इंजेक्शनच्या नोंदीचं कार्ड दवाखान्यातच ठेवा.

आणि दंडात बसवायचं इंप्लांट (दिवस राहू नयेत म्हणून कातडीखाली ठेवायची बारीक कांडी) देणार असाल, तर ते काढता येणारी नर्स जवळपास आहे का, हे आधी विचारा. बसवणारे भेटतात, काढणारे नाही.