एकाच अर्जाचे पैसे आहेत: ट्रेडमार्क म्हणून आधी नाव नोंदवायचं की लोगो?

वर्ग_तीस: मसाले-लोणची विकणाऱ्या छोट्या उद्योगाने आधी नुसतं नाव, म्हणजे वर्डमार्क, नोंदवावं. अर्जाचा फॉर्म टीएम-ए. व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्रवाल्यांना ऑनलाइन फी ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. ही फी एका चिन्हाची, एका वर्गाची (वर्ग म्हणजे मालाचा ठरलेला गट). मसाला वर्ग ३० मध्ये, लोणचं वर्ग २९ मध्ये, म्हणजे इथेच दुप्पट. वर लोगो वेगळा टाकलात की चौपट. नाव नोंदलेलं असेल तर अक्षरवळण, रंग कितीही बदला.

फणसपोळी: नाव कसलं आहे ते आधी बघा की! 'घरगुती मसाला' वर्डमार्क म्हणून टाकलंत तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत ठरलेलीच, कारण ते नाव नुसतं मालाचं वर्णन आहे. तिथे लोगोच बरा. शिवाय गिऱ्हाईक पाकीट बघून उचलतं. पार्ले बिस्किटांच्या १९७२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेष्टनच पाहिलं: दोन्हींवर मुलगी, गाई, कोंबड्या. बारीकसारीक फरक होते, तरी नक्कल ठरली.

वर्ग_तीस: दाखला अर्धाच दिलात. पार्लेचं 'ग्लुको' हे नावही नोंदलेलं होतं. लोगो नोंदवला म्हणून त्यातल्या प्रत्येक शब्दावर वेगळा हक्क येत नाही, कलम १७ वाचा. उद्या शेजारच्याने 'घरगुती मसाला' वेगळ्या चित्रासह छापलं तर हात चोळत बसायचं. नावच बदला.

फणसपोळी: बाजारात रुळलेलं नाव बदला म्हणणं सोपं आहे. अर्जाच्या तारखेआधीच वापरातून ओळख कमावली असेल तर कलम ९ मध्येच सूट आहे. जुन्या वापराची तारीख टाकायची तर प्रतिज्ञापत्र आणि बिलं जोडा. गडबड होते ती इथे: बिलावर मालकाचं नाव असतं, ब्रँडचं नसतंच.

शोधयादी: दोघेही शोध विसरलात. अर्जाआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या ऑनलाइन सार्वजनिक शोधात त्या वर्गात वर्डमार्क आणि उच्चारसाम्य, दोन्ही तपासा. 'सुगरण' मोकळं दिसेल आणि 'सुग्रण' आधीच बसलेलं असेल. लोगो टाकलाच तर काळा-पांढरा टाका, रंगाची मर्यादा घातली नाही तर सगळे रंग धरले जातात. त्यात फोन नंबर, वजन कोंबू नका. पुढे चिन्हात किरकोळच बदल करता येतो, मोठ्या बदलाला नवा अर्ज.

वर्ग_तीस: हे मान्य. हरकतीचा अहवाल आला की ३० दिवसांत उत्तर द्या. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये (नोंदणी कार्यालयाच्या नियतकालिकात) छापून आल्यावर विरोधाला ४ महिने असतात. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पाकिटावर 'टीएम' छापा, गोलातला 'आर' (नोंदणी झाल्याची खूण) नको.