गेमची दृश्यशैली इतरांपेक्षा वेगळी कशी घडवावी?

फोंडेकर:
आम्ही दोघे मित्र गोव्यातील खाजन शेतीवर (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर) एक छोटा त्रिमितीय गेम तयार करीत आहोत. भरती-ओहोटी पाहून मानशीची, म्हणजे बांधातील पाणी सोडण्याच्या झडपेची, दारे उघडायची आणि बांध फुटू द्यायचा नाही, असा त्याचा खेळ आहे. परंतु विकतच्या ॲसेटमुळे (तयार मॉडेल आणि चित्रांमुळे) तो इतर गेमसारखाच दिसतो. माड, कौले आणि तुळशीवृंदावन घालूनही फरक पडलेला नाही. स्वतःची शैली कोठून आणावी?

रेघोटी:
माड आणि कौले हा विषय झाला, शैली नव्हे. शैली ठरते ती आपण काय वर्ज्य करतो यावरून. आपल्याकडील देवळांतली कावी पाहा: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा उघडा पडतो. रंग दोनच, त्यामुळे उजेड दाखवायचा तर खरवडण्यावाचून गत्यंतर नाही. हाच नियम शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचे रंग आणि उजेड ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये, घाला आणि पाणी, चिखल, माणसे, मेनूतील अक्षरे, कोणालाही सवलत देऊ नका. नुसती नक्षी उचलून टेक्स्चरवर (वस्तूंवर चढवलेल्या चित्रावर) चिकटवलीत, तर मात्र ते हॉटेलच्या स्वागतकक्षासारखे दिसेल.

दिवाडकर:
सूचना उत्तम आहे, पण कॅमेरा फिरू लागला की अशा रेघा वस्तूंवर वळवळतात. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) हा ठिपक्यांनी रंगवलेला दोनरंगी गेम करताना लुकास पोप यांच्यापुढे हीच अडचण होती. ठिपक्यांचा नमुना पडद्याला न जखडता कॅमेऱ्याभोवतीच्या काल्पनिक गोलावर बसवल्यामुळे मान वळवली तरी ठिपके दृश्याबरोबरच सरकू लागले. तुमचा कॅमेरा वरून आणि स्थिर असेल, तर एवढा खटाटोप करावा लागणार नाही.

फोंडेकर:
कॅमेरा स्थिरच आहे. मात्र सर्वत्र रेघाच असतील, तर बांधाला गेलेली भेग खेळणाऱ्याला ओळखू कशी येणार?

रेघोटी:
भेग खरवडू नका. तिच्याभोवतीचा तुकडा पूर्ण पांढरा ठेवा आणि भेग तांबडीच राहू द्या. रेघांच्या गर्दीत कोरी जागा प्रथम डोळ्यांत भरते. पाण्याला आडव्या रेघा आणि चिखलाला ठिपके दिलेत, तर तेही वेगळे कळतील. मग दृश्य अंगठ्याएवढे लहान करून पाहा. तेवढ्यातही भेग सापडली नाही, तर पांढरा तुकडा वाढवा, तिसरा रंग आणू नका.