गृहीतक की परिकल्पना?

दुकानदारीण
दूरशिक्षणातून एम.बी.ए. करतेय. प्रकल्प मराठीत लिहायची मुभा आहे. विषय: किराणा दुकानांतली उधारी. अहवालाच्या साच्यात एका पानावर 'गृहीतके' आणि पुढच्या पानावर 'परिकल्पना' अशी शीर्षकं आहेत. मी दोन्हीकडे एकच वाक्य लिहिलं: 'उधारी दिली की गिऱ्हाईक टिकतं.' दोन्हीकडे लाल फुली आली. एक समजू शकते, दोन कशा?

खडूफळा
ताई, गृहीत धरलेलं आपण तपासत नाही. 'मला गृहीत धरू नका' म्हणणाऱ्या माणसाची तक्रार तीच असते. दुकानदार वही खरी दाखवेल, गिऱ्हाईक विचारलेलं खरं सांगेल, ही तुमची गृहीतकं. 'उधारीची गिऱ्हाइकं रोखीच्या गिऱ्हाइकांपेक्षा महिन्यात जास्त खेपा करतात' ही परिकल्पना. ती मोजता येते आणि खोटी ठरू शकते. 'टिकतं' हे कशाने मोजणार? दुसरी फुली त्याचीच असावी.

पाटावरवंटा
कित्येक पुस्तकांत हायपोथेसिसलाच गृहीतक म्हटलंय, त्याचं काय? 'परिकल्पना' तर हिंदीतून उचललेली वाटते. जुना 'अभ्युपगम' काय वाईट होता?

खडूफळा
उच्चारून बघा! शिवाय न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, अभ्युपगमसिद्धांत म्हणजे न तपासता, चर्चेपुरतं मान्य केलेलं मत. म्हणजे पुन्हा गृहीताच्याच अंगणात. पुस्तकांत सरमिसळ आहे हे खरं, पण एकाच अहवालात दोन पानं असतील तर दोन शब्द हवेतच. हिंदीतून आला असला तरी मला चालतो.

खरा घोळ 'शून्य परिकल्पने'त होतो. तिथे शून्य म्हणजे टाकाऊ नव्हे, फरक शून्य. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ च्या पुस्तकात चहाचं उदाहरण दिलंय. एक बाई म्हणते, कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. मग आठ कप करायचे, चार असे, चार तसे, आणि क्रम मोडून तिच्यापुढे ठेवायचे. शून्य परिकल्पना: तिला काहीही कळत नाही. चार-चार आहेत हे तिला ठाऊक असताना नुसत्या अंदाजाने आठही ओळखायची शक्यता ७० त १. तेव्हा तिने सगळे ओळखले तर शून्य परिकल्पना फेटाळायची. नाही ओळखले तर 'फेटाळता आली नाही' एवढंच लिहायचं. 'स्वीकारली' किंवा 'सिद्ध झाली' लिहिलंत की तिसरी फुली.

वरणफळ
मधेच बोलतो. उधारीच्या वहीत रोखवाले नसतातच हो! त्यांच्या खेपा मोजणार कुठून?

दुकानदारीण
अरे देवा, हे सुचलंच नाही. महिनाभर गल्ल्याशी बसून रेघा माराव्या लागणार. पण सर, ते 'वही खरी आहे' हे गृहीतक तरी लिहू का? सासऱ्यांच्या वहीत मंगळवारी नुसतं 'नाना, किरकोळ' लिहिलंय. रक्कम नाही. आणि गल्लीत नाना तिघे आहेत.