मदत हवी आहे: इस्ट्रोजेन रिसेप्टरची खाच बंद असताना एसआरसी-१ बसतं कुठे?

नमस्कार मंडळी, मी नागपूरला एमएस्सी बायोकेमिस्ट्री करते. सोमवारी एसआरसी-१ या प्रोटीनवर (इस्ट्रोजेन रिसेप्टरला जीन सुरू करायला मदत करणारं) सेमिनार आहे आणि एका जागी गाडं अडलंय.

इथपर्यंत कळलंय: इस्ट्रोजेन हे हार्मोन त्याच्या रिसेप्टरमध्ये (त्याला पकडणाऱ्या प्रोटीनमध्ये) शिरलं की रिसेप्टरची बारावी हेलिक्स (मळसूत्रासारखा तुकडा) झाकणासारखी बसते, शेजारी खाच तयार होते. एसआरसी-१ मधला छोटा तुकडा (ल्युसिन, मधे कुठलीही दोन अमिनो आम्लं, परत दोन ल्युसिन) तिथे फिट्ट बसतो. मग हिस्टोनवर (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीनं) अ‍ॅसिटिल गट लावणारी प्रोटीनं येतात आणि जीन सुरू होतं. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी) असलं तर हीच हेलिक्स खाचेवर आडवी पडते. किती सुंदर आहे हे! वहीत चार वेळा काढून पाहिलं.

पण माझी मावशी टॅमॉक्सिफेन घेते. धंतोलीतले डॉक्टर दर वेळी रक्तस्राव होतोय का, हे आवर्जून विचारतात, कारण गर्भाशयाच्या अस्तरात हीच गोळी इस्ट्रोजेनसारखी वागते. तिथे एसआरसी-१ जास्त असतं, हे वाचलं. पण खाचच बंद, तर ते चिकटतं कुठे? रिसेप्टरच्या दुसऱ्या टोकाला, एएफ-१ (जीन सुरू करणारा रिसेप्टरचा दुसरा भाग) कडे?

कुणी ताई-दादा नीट समजावून सांगाल का? मावशीलाही सांगायचंय.